कोकणातून उपग्रहाने धूर आणि धूळ पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा जवळ आला की सडे (कातळाची गवताळ पठारं) पेटायला लागतात आणि व्हॉट्सॲपवर लाल ठिपक्यांनी भरलेला कोकणचा नकाशा फिरू लागतो. खाली मजकूर ठरलेला: 'कोकण पेटलं!' हिवाळ्यात एखाद्या दिवशी हवा पिवळट झाली की दुसरं चित्र येतं, 'आखातातली धूळ आली'. चित्रं बहुतेक वेळा खरी असतात, गफलत होते ती वाचण्यात. उपग्रहाला लांबचं आणि मोठं सहज दिसतं. आपल्या परसामागचं दिसेलच असं नाही. खालची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

उपग्रहाला आग दिसते म्हणजे नेमकं काय दिसतं?

ज्वाळा नव्हे, उष्णता. भर उन्हात तापलेला कातळसुद्धा उष्णता बाहेर टाकतो, पण तिचा जोर साधारण ९ ते १० मायक्रॉन लांबीच्या लहरींवर असतो. कित्येक शे अंशांवर जळणारं गवत ४ मायक्रॉनच्या आसपास झगझगतं. उपग्रहावरचं उपकरण या दोन्ही लहरी मोजतं, प्रत्येक चौकोनाची शेजारच्या चौकोनांशी तुलना करतं आणि एखादा चौकोन फारच वेगळा निघाला की तिथे आगीची नोंद करतं. म्हणून आग चौकोनाच्या एखाद्या कोपऱ्यातच असली तरी पकडली जाते.

ही कामं करणारी दोन उपकरणं प्रसिद्ध आहेत. मोडिस हे नासाच्या टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवर आहे, त्याचा चौकोन १ किलोमीटरचा. व्हिअर्स हे सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) यांवर आहे, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा. नोंदी नासाच्या 'फर्म्स' या नकाशावर साधारण तीन तासांत येतात, फुकट. टेरा आणि ॲक्वा आता म्हातारे झालेत, इंधन संपत आल्याने त्यांच्या कक्षा सरकल्या आहेत. नकाशावर पर्याय दिसले तर व्हिअर्स निवडा.

ठिपका बरोब्बर माझ्या बागेवर आहे. माझी कलमं जळली का?

ठिपका हा चौकोनाचा मध्य असतो, आगीचा नव्हे. ३७५ मीटरचा चौकोन म्हणजे सुमारे १४ हेक्टर, आपल्या हिशेबात जवळजवळ ३५ एकर. कोकणात ३५ एकरांत किती जणांचे सातबारे बसतात ते वेगळं सांगायला नको. आग शेजारच्या वरकस जमिनीवर असेल, खालच्या पाणंदीत असेल किंवा तुमच्या कलमांतही असेल. मोडिसचा ठिपका असेल तर क्षेत्र १०० हेक्टरांचं, म्हणजे अख्खी वाडी धरून चाला. उपग्रह थेट डोक्यावरून न जाता कडेने गेला असेल तर चौकोन आणखी ताणले जातात.

ठिपक्यावर टिचकी मारलीत तर 'कॉन्फिडन्स' आणि 'एफआरपी' असे दोन रकाने दिसतील. पहिला खात्रीचा, दुसरा आगीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या जोराचा, मेगावॅटमध्ये. दुसरा आकडा मोठा आणि ठिपके रांगेत असतील तर वणवा पुढे सरकतोय असं समजायला हरकत नाही. ठिपके मोजून त्याला ३५ ने गुणून 'इतके एकर जळाले' असं मात्र कुणी लिहू नये. तसं छापून आलेलं मी वाचलंय.

काल संध्याकाळी आमचा अख्खा सडा जळला, तरी नकाशावर एकही ठिपका नाही. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर घड्याळात असतं. व्हिअर्सवाले तिन्ही उपग्रह कोकणावरून दुपारी साधारण साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जातात आणि पुन्हा मध्यरात्रीनंतर त्याच सुमारास. मधले दहा-बारा तास त्यांचं इथे लक्ष नसतं. सड्यावरचं गवत कागदासारखं भुरकन जळतं. दुपारी चारला पेटलेला सडा दिवेलागणीपर्यंत काळा होऊन थंडही होतो. उपग्रह येतो तेव्हा आग उरलेली नसते, आणि राखेतली धग त्याला पुरत नाही.

दुसरं कारण झाडी. गवतावरची आग उघडी असते, पण घाटाच्या उतारावर किंवा देवराईच्या कडेला पालापाचोळा खालून जळत गेला तर वरची पानं उष्णता अडवतात. तिसरं कारण ढग. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात. त्यांच्याखालची आग या उपकरणांना दिसत नाही.

आणि काही आगी साध्या लहान असतात. म्हणून नकाशा कोरा आहे याचा अर्थ गावात आग नव्हती, असा काढू नका. वणव्यांची आकडेवारी मांडणाऱ्यांनी तर अजिबात काढू नये: कोकणातल्या आगी नेमक्या याच जातीच्या, छोट्या, झटपट आणि संध्याकाळच्या.

भाजावळीचा धूर नकाशावर दिसतो का?

भाजावळ म्हणजे भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) जमीन भाजणं: कवळ (तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा पसरून वर माती टाकतात आणि पेटवतात. माती टाकायचं कारणच हे की ते हळूहळू, धुमसत जळावं. धुमसणाऱ्या आगीत उष्णता कमी आणि धूर जास्त, त्यामुळे उष्णता शोधणाऱ्या उपकरणाला ती सहसा सापडत नाही. पण एका खोऱ्यात एकाच आठवड्यात शेकडो ठिकाणी भाजावळ झाली की धूर एकत्र होतो आणि साध्या रंगीत चित्रात खोऱ्यावर निळसर पडदा दिसू शकतो. आग नसलेला धूर म्हणतात तो हाच.

हा धूर कुठे जातो ते खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांवर ठरतं. दुपारी खारा वारा त्याला घाटाकडे ढकलतो, रात्री मतलई वारा उतरणीने परत खाली आणतो. सूर्य मावळल्यावर जमीन निवते, हवेचे थर हलायचे थांबतात आणि धूर नदीच्या खोऱ्यात साचतो. वाशिष्ठीच्या किंवा शास्त्रीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना सकाळचा तो वास माहीत आहे. उपग्रहाचं चित्र दुपारचं असतं, तेव्हा हवा ढवळलेली असते आणि चित्र त्यामानाने स्वच्छ दिसतं. म्हणजे नाकाला जास्त त्रास होतो त्या वेळी वर कॅमेराच नसतो.

भर समुद्रात रोज रात्री आग दिसते. जहाज जळतंय का?

नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचं तेलक्षेत्र आहे, तिथे फलाटांवर वायू जाळला जातो. ती ज्योत व्हिअर्सला अचूक दिसते. जमिनीवरही अशा कायमच्या जागा आहेत, पेणजवळ डोलवीचा पोलाद कारखाना हे एक उदाहरण. एकाच जागी महिनोन्‌महिने, पावसाळ्यातही ठिपका येत असेल तर तो वणवा नाही, धुराडं किंवा भट्टी आहे. मोठ्या सौर पटलांवरून किंवा पत्र्यांवरून ऊन परावर्तित होऊनही दुपारी कधीमधी खोटा ठिपका उमटतो.

रंगीत चित्रात धूर, धूळ आणि धुकं वेगळं कसं ओळखायचं?

नासाच्या 'वर्ल्डव्ह्यू' या पानावर रोजचं चित्र मिळतं. धूर निळसर-करडा असतो आणि बहुधा त्याला शेंडी असते, एका टोकाला निमुळता आणि वाऱ्याच्या दिशेने पसरत गेलेला. धूळ पिवळट-तांबूस, रुंद, कडेला विरत जाणारी. धुकं पांढरं शुभ्र, कडा ठसठशीत, नदीखोऱ्यांच्या आकाराला चिकटलेलं आणि दुपारच्या चित्रात नाहीसं झालेलं.

किनाऱ्यावरच्या माणसाला एक फायदा आहे. समुद्र वरून काळाभोर दिसतो, त्यामुळे त्याच्यावरचा विरळ थरही उठून दिसतो. तोच थर उन्हाळ्यातल्या तांबूस, सुक्या जमिनीवर शोधायला डोळे फोडावे लागतात. म्हणून मी आधी नेहमी समुद्राकडचा भाग बघतो.

समुद्रावर चंदेरी-करडा पट्टा दिसतो, तो धुराचा का?

बहुतेक वेळा ती पाण्यावरची उन्हाची तिरीप असते. सूर्य, पाणी आणि उपग्रह यांचा कोन जुळला की तेवढा भाग चकाकतो. दुसऱ्या दिवशी उपग्रहाचा मार्ग बदलला की पट्टा जागा बदलतो. वाऱ्याबरोबर न हलणारा, उत्तर-दक्षिण लांबट पट्टा दिसला तर विसरून जा. हिवाळ्याच्या शेवटी उत्तर अरबी समुद्रात हिरवट वळसे दिसतात ते नॉक्टिल्युका नावाच्या प्लवकाचे, आणि जुलैमध्ये खाड्यांच्या तोंडाशी तांबडं दिसतं ते नुसतं गढूळ पाणी.

आखाताकडची धूळ खरंच कोकणात पोचते का?

पोचते, पण जितक्या वेळा तिच्यावर खापर फोडलं जातं तितक्या वेळा नाही.

लक्षात राहिलेलं उदाहरण जानेवारी २०२२ चं. पश्चिमी विक्षोभामागून (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीमागून) सुटलेल्या जोरदार वाऱ्यांनी पाकिस्तानातली धूळ उचलली, ती कराचीवरून अरबी समुद्रावर आली, सौराष्ट्राला घासून २३ जानेवारीला मुंबई आणि उत्तर कोकणावर उतरली. गाड्यांवर पांढुरकी पूड साचली होती. उपग्रहचित्रांत समुद्रावरचा तो पिवळट पट्टा स्पष्ट होता. अशा वेळी उपग्रहाची खरी मदत होते, कारण समुद्रावर हवा मोजणारं केंद्र कुठून असणार?

याच्या उलट १३ मे २०२४. मुंबईत घाटकोपरला फलक कोसळून माणसं गेली तो दिवस. त्या दुपारीही आकाश धुळीने तांबडं झालं होतं, पण ती धूळ परदेशातून आलेली नव्हती. गडगडाटी ढगातून थंड हवा जोरात खाली आपटते, जमिनीवर पसरते आणि समोरची सुटी माती, बांधकामांची धूळ उडवत जाते. ते सगळं तासाभरात उरकतं. उपग्रहाला वरून ढगच दिसतो, धूळ त्याच्या पोटाखाली लपते. दोन्हीला आपण 'धुळीचं वादळ' म्हणतो, पण पहिलं दोन दिवस आधी समुद्रावर दिसू शकतं आणि दुसरं आधी कुठेच दिसत नाही.

मग सर्वांत जास्त धूळ कधी येते?

अरबी समुद्रावर धुळीचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट. इराक आणि अरबस्तानातून वाहणारे शमाल वारे तेव्हा जोरात असतात आणि धूळ मोसमी वाऱ्यांच्या वरच्या थरातून पूर्वेकडे येते. कोकणात त्याच वेळी मळभ आणि पाऊस असल्यामुळे खाली कुणाला पत्ता लागत नाही. जी धूळ येते ती बरीचशी पावसात धुऊन जाते. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रावर ढग फाटले की त्या फटींतून चित्रात ती दिसते.

रात्री धूळ दिसते का?

दिसते, साध्या रंगांत नाही तर उष्णतेच्या चित्रांत. वाळूतल्या सिलिकेटमुळे धुळीचा थर १०.८ आणि १२ मायक्रॉनच्या लहरींना वेगवेगळं अडवतो. या फरकाचा, आणि जोडीला ८.७ मायक्रॉनच्या मोजणीचा, वापर करून 'डस्ट आरजीबी' नावाचं चित्र बनवतात. त्यात धूळ गुलाबी-जांभळी उमटते. हिंदी महासागरावर नेमलेला युरोपचा मेटिओसॅट दर पंधरा मिनिटांनी ते देतो. आपल्या इन्सॅटवर १०.८ आणि १२ आहेत, ८.७ नाही.

एक सावधगिरी: कोकणची हवा दमट आणि बाष्पामुळे हा फरक पुसट होतो. वाळवंटावर झळझळीत गुलाबी दिसणारी धूळ आपल्या किनाऱ्याजवळ येताना फिकी झाली म्हणजे ती खाली बसली असं नव्हे.

इन्सॅटचं चित्र वापरावं की परदेशी?

दोन्ही, वेगवेगळ्या कामांना. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) भूस्थिर आहेत, म्हणजे कायम भारतावर नजर ठेवून. एका उपग्रहाकडून दर अर्ध्या तासाला एक चित्र मिळतं. हालचाल बघायला, धूळ सकाळी कुठे होती आणि दुपारी कुठे सरकली हे कळायला, त्यासारखं दुसरं नाही. पण उष्णतेच्या चित्रात त्याचा चौकोन ४ किलोमीटरचा आहे, त्यात सड्यावरचा वणवा हरवतो. चित्रं हवामान खात्याच्या आणि अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या 'मॉस्डॅक' या संकेतस्थळावर मिळतात.

चित्रात आकाश गच्च भरलेलं आहे, पण अंगणात हवा स्वच्छ वाटते. चित्र चुकीचं का?

चित्र बरोबर आहे, त्यात उंची नाही इतकंच. वरून पाहताना जमिनीपासून आकाशाच्या टोकापर्यंतचे सगळे थर एकावर एक चेपून दिसतात. 'एओडी' हा आकडा याच सगळ्या उभ्या खांबातल्या कणांचा असतो. ०.१ च्या आसपास असेल तर हवा स्वच्छ, १ च्या पुढे गेला तर सूर्यसुद्धा मंद दिसेल. पण ते कण तीन किलोमीटर वर असतील तर तुमच्या फुप्फुसांचा आणि त्यांचा संबंध येत नाही.

उलटही घडतं. सेंटिनेल-५पी (२०१७) या युरोपीय उपग्रहावरचं ट्रोपोमी अतिनील किरणांवरून एक निर्देशांक काढतं. धूर आणि धूळ अतिनील शोषतात, समुद्री मीठ जवळजवळ शोषत नाही, म्हणून किनाऱ्यावर तो फार कामाचा. ढगांच्या वरून तरंगणारी धूळही त्यात दिसते. मात्र थर जितका उंच तितका निर्देशांक ठळक. जमिनीलगत साचलेला धूर त्यात फिका पडतो. म्हणजे इराणची धूळ ठसठशीत आणि आपली भाजावळ गायब! हे माहीत नसलं की माणूस सगळा दोष पश्चिमेला देऊन मोकळा होतो.

उंची मोजायला लेसर लागतो. कॅलिप्सो हा उपग्रह २००६ ते २०२३ हे काम करत होता. मे २०२४ मध्ये सोडलेला अर्थकेअर आता करतो. पण लेसर जमिनीवर एक बारीक रेघ तेवढी मोजत जातो, ती आपल्या गावावरून रोज जात नाही.

मग श्वासाला धोका आहे की नाही, हे कशावरून ठरवू?

जमिनीवरच्या मोजणीवरून. भारतीय मानकानुसार २४ तासांची सरासरी पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी ६० आणि पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस त्याहून बरीच कडक, १५ आणि ४५. धुळीत पीएम १० उसळतं, धुरात पीएम २.५. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर काय आलंय याचा अंदाज येतो.

अडचण अशी की मोजणी केंद्रं मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात दाटीने आहेत आणि दक्षिणेकडे विरळ होत जातात. जवळ केंद्र नसेल तर डोळे आणि नाक वापरा: रोज दिसणारा समोरचा डोंगर दिसत नाही, घशात खवखवतं, तर दमेकऱ्यांनी घरात थांबावं. रुमालाने पीएम २.५ अडत नाही, एन-९५ मास्कने अडतं.

पंजाबातल्या परालीचा (शेतात जाळलेल्या भाताच्या खुंटांचा) धूर कोकणात येतो का?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तो धूर मुख्यतः गंगेच्या मैदानात अडकतो. हिवाळ्यात उत्तर आणि ईशान्येकडून वारे येतात, त्यांच्याबरोबर देशभरातला मिश्र धुरळा आपल्यावरून समुद्रावर जातो. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेने अरबी समुद्रावर पसरलेला हा तपकिरी थर मोजला होता. त्यात वाहनं, चुली, कारखाने, शेतातल्या आगी असं सगळंच होतं.

नकाशावर तारीख एक दिवस मागची का दिसते?

तिथल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. रात्री दीड वाजताची आपली आग आदल्या तारखेला, २० वाजता म्हणून नोंदलेली असते. गावातल्या भांडणात हा एक दिवस महागात पडतो.

किती क्षेत्र जळलं ते उपग्रहावरून कळेल का?

कळेल, पण ठिपक्यांवरून नाही, जळालेल्या डागावरून. सेंटिनेल-२ च्या चित्राचा बारीक चौकोन १० मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. जळालेलं ओळखायला जो लघु-अवरक्त पट्टा लागतो त्याचा चौकोन २० मीटरचा, म्हणजे चार गुंठे. लँडसॅटचा ३० मीटरचा, नऊ गुंठे. हिरवी पानं जवळच्या अवरक्त लहरी भरपूर परत पाठवतात. जळालेल्या जागी ते प्रमाण कोसळतं आणि लघु-अवरक्त वाढतं. या दोहोंच्या गुणोत्तरावरून डाग उठून दिसतो.

कोकणात एक पंचाईत आहे. सड्यावरचा काळा कातळ आणि जळालेलं गवत वरून सारखंच दिसू शकतं. म्हणून आगीच्या आधीचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. पहिला पाऊस पडला की सडा हिरवा होतो आणि पुरावा जातो, तेव्हा चित्र मे संपायच्या आत उतरवून ठेवा. पंचनाम्याची जागा ते घेत नाही, पण जागा आणि तारीख दाखवायला उपयोगी पडतं.

दोन दिवस आधी अंदाज मिळतो का?

धुळीचा बऱ्यापैकी मिळतो. युरोपची 'कॅम्स' सेवा पाच दिवसांपर्यंतचा अंदाज देते, मोबाइलवरच्या काही हवामान ॲप्समधला धुळीचा थर तिथूनच येतो. त्याचा चौकोन सुमारे ४० किलोमीटरचा असल्याने चिपळूण आणि गुहागर त्याला एकच. वणव्याचा अंदाज कुणी देत नाही, कारण काडी कोण कधी टाकणार हे कुठल्याच गणितात बसत नाही.

वणव्याची सूचना आपोआप मिळते का?

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून वणव्याच्या सूचना एसएमएसने पाठवते. नाव नोंदवलं की कुणालाही आपल्या भागापुरत्या त्या घेता येतात. फर्म्सही ईमेल पाठवतं. मात्र सूचना येईपर्यंत काही तास गेलेले असतात, तेव्हा माघातच जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढून ठेवलेली बरी.

डोंगरावर आग दिसतेय, आत्ता काय करू?

नकाशा उघडू नका. राज्य वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' मदतवाहिनी १९२६ आहे, घरांजवळ असेल तर ११२ किंवा १०१. फोनवर गावाबरोबर वाडीचं आणि सड्याचं नाव सांगा, वारा कुठल्या अंगाला आहे ते सांगा आणि गाडी कुठपर्यंत येते तेही.